गच्चीवरील जास्वंदीचा पिठ्या ढेकूण आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका भगिनींनी विचारले आहे की त्यांच्या गच्चीवर कुंड्यांत जास्वंद, कढीपत्ता, वांगी, मिरची आणि टोमॅटो अशी झाडे आहेत. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड बसली आहे. बाजारातून आणलेले कडुनिंबाचे तेल पाण्यात घालून त्यांनी तीनदा फवारले, तरी कीड हटली नाही, उलट मिरचीची कोवळी पाने मात्र करपली. तेलाचे प्रमाण किती घ्यावे, किती दिवसांच्या अंतराने फवारावे आणि खाण्याच्या भाज्यांवर ते चालते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

प्रमाणाचा आकडा पुढे दिला आहेच, परंतु केवळ आकड्याने हे काम होणार नाही, कारण त्यांनी वर्णन केलेल्या फवारणीत तेल कमी पडले असे मला वाटत नाही. कडुनिंबाचे तेल हे कीड जागच्या जागी मारणारे विष नव्हे, ही गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. त्याचे काम दोन अंगांनी चालते. तेलाचा पातळ थर किडीच्या अंगावर बसला की तिची श्वासरंध्रे बुजतात आणि मऊ अंगाची लहान कीड त्याने गुदमरते. हा परिणाम फक्त थेंब जिथे पोहोचला तिथेच होतो. दुसरे अंग निंबोळीच्या बीमधील गरात असलेल्या अ‍ॅझाडिरॅक्टिन या घटकाचे. तो पोटात गेला किंवा अंगाला लागला की किडीची खाण्याची इच्छा मंदावते, वाढीच्या संप्रेरकांचा मेळ बिघडून तिला नीट कात टाकता येत नाही आणि मादीची अंडी घालण्याची क्षमता घटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ च्या सुमारास दाखवून दिले होते की निंबोळीच्या गराचे अगदी सौम्य द्रावण फवारलेल्या पिकाला टोळधाडही तोंड लावत नाही. टोळ त्या पिकावर मरून पडत नव्हते. ते खात नव्हते. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली की औषध निकामी ठरवून बाटली फेकू नये. पाच-सहा दिवसांनी नवी पिल्ले कमी दिसतात का आणि नवीन फूट स्वच्छ येते का, यावरून परिणाम जोखावा.

आता जास्वंदीकडे पाहू. शेंड्यावरचा तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला दुकानदार मिलीबग म्हणतात. साधे भिंग घेऊन पाहिले तर त्या कापसात तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. मेणाची पांढरी पूड अंगावर घेतलेली, जागची फारशी न हलणारी प्रौढ मादी; तिच्या मागे विणलेल्या पोतडीत शेकड्याने असलेली बारीक अंडी; आणि पानांच्या देठांपाशी, कळ्यांच्या बेचक्यांत फिरणारी, टाचणीच्या टोकाहूनही लहान अशी फिकट पिवळसर किंवा गुलाबीसर पिल्ले. मादीच्या मेणावरून पाणी घरंगळून जाते आणि पोतडीतल्या अंड्यांपर्यंत तेल पोहोचत नाही. कडुनिंबाचे तेल खऱ्या अर्थाने लागू पडते ते फक्त पिल्लांवर, कारण त्यांच्या अंगावर अजून मेण चढलेले नसते. एका फवारणीने काम का भागत नाही याचे उत्तर इथेच आहे. आज पिल्ले मेली तरी पोतडीतून आठवडाभर नवी पिल्ले निघतच राहतात, आणि त्यांना गाठण्यासाठी सात दिवसांच्या अंतराने सलग तीन, प्रादुर्भाव मोठा असेल तर चार फवारण्या कराव्या लागतात. मध्ये दोन आठवड्यांचा खंड पडला तर तेवढ्यात पिल्ले मेण चढवून घेतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तेलाची बाटली उघडण्यापूर्वी हाताने करायचे काम मात्र टाळू नये; माझ्या मते निम्म्याहून अधिक यश त्या कामात आहे. जास्त भरलेले शेंडे कात्रीने कापून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावेत. कंपोस्टच्या डब्यात किंवा शेजारच्या कुंडीत टाकू नयेत. उरलेल्या फांद्यांवरचे पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने पुसून काढावेत, म्हणजे मेणही निघते आणि पोतडीही फुटते. त्यानंतर नळीच्या पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारावा आणि झाड कोरडे होऊ द्यावे. एवढे केल्यावर तेलाला जे काम उरते ते त्याला झेपणारे असते.

मुंग्यांचाही बंदोबस्त याच वेळी करावा लागतो. पिठ्या ढेकूण आणि मावा या दोन्ही किडी गोडसर चिकटा टाकतात. मुंग्या तो खातात आणि मोबदल्यात किडीची राखण करतात, तिची पिल्ले एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतात आणि ढालकिड्यांसारख्या मित्रकिडींना हुसकावून लावतात. जास्वंदीच्या बुंध्यावरून मुंग्यांची रांग चालू असताना कितीही फवारले तरी महिनाभरात कीड पुन्हा पूर्वीइतकीच होते. कुंडी भिंतीला किंवा कठड्याला टेकू देऊ नये, तिच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, आणि त्या पाण्यावर थोडे साबणाचे पाणी टाकून ते दर तीन-चार दिवसांनी बदलावे, नाहीतर मुंग्या थांबतील आणि डास वाढतील.

आता मिश्रणाविषयी सविस्तर, कारण सर्वाधिक फवारण्या इथे फुकट जातात. तेल पाण्यात मिसळत नाही हे सर्वांना ठाऊक असते, तरीही बहुतेक घरांत पंपात पाणी भरून त्यावर चमचाभर तेल ओतले जाते आणि पंप हलवून फवारणी सुरू होते. तेल वर तरंगत राहते आणि नळी तळातून ओढत असल्याने सुरुवातीच्या झाडांना नुसते पाणी मिळते. पंप रिकामा होत आला की उरलेले जवळजवळ निव्वळ तेल शेवटच्या झाडावर जाते. या भगिनींची मिरची रांगेत शेवटी असावी, असा माझा कयास आहे.

योग्य पद्धत अशी. एक लिटर पाण्यासाठी ५ मिली कडुनिंबाचे तेल घ्यावे. चमचे लहानमोठे असतात म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली सिरिंज मोजण्यासाठी ठेवावी. एका वाटीत हे तेल आणि १ ते २ मिली साधा द्रवरूप साबण घेऊन पाणी न घालता आधी चांगले घोटावे. मग त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी थोडे थोडे घालत ढवळत राहावे, म्हणजे मिश्रण पांढरट आणि दाट होते. ते नंतर उरलेल्या पाण्यात ओतावे. मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी काचेच्या पेल्यात थोडे काढून दहा मिनिटे ठेवावे. ते पातळ दुधासारखे एकसारखे राहिले तर फवारावे. वर पिवळसर तेलाची चकती जमली किंवा पेल्याच्या कडेला तेलकट कडे दिसले तर ते झाडावर नेऊ नये, साबणाचे दोन-चार थेंब वाढवून पुन्हा घोटावे. जमलेले मिश्रणही त्याच संध्याकाळी संपवावे. रात्रभर ठेवलेले द्रावण फाटते आणि त्यातील अ‍ॅझाडिरॅक्टिनचाही ऱ्हास होऊ लागतो. फवारताना पंप मधूनमधून हलवत राहावे, आणि काम झाल्यावर पंप साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, अन्यथा पुढच्या वेळी नोझल तुंबलेले आढळेल.

पाण्याचा प्रश्नही इथेच येतो. कोल्हापुरात अनेक घरांत नळाचे पाणी पिण्याला आणि बोअरचे पाणी झाडांना, अशी विभागणी असते. बोअरचे पाणी जड असले तर साबणाचा त्यात फेस होण्याऐवजी साका होतो आणि तेल पुन्हा सुटे होते. अशा वेळी नळाचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. तेही शक्य नसेल तर साबणाऐवजी रिठा घ्यावा. चार-पाच रिठ्यांच्या साली रात्रभर पेलाभर पाण्यात भिजवून, सकाळी कुस्करून गाळलेले पाणी जड पाण्यातही तेल चांगले धरून ठेवते. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नये. ती तेल फोडते हे खरे, पण पानावरचा नैसर्गिक मेणाचा थरही काढते, आणि मग दोष तेलाच्या माथी येतो. थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, तेल बाटलीत घट्ट होते; बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ उभी ठेवली की ते सुटते. गॅसवर तापवण्याची गरज नाही आणि तसे करूही नये.

कोणते तेल आणले होते हे प्रश्नात स्पष्ट नाही. पूजेच्या दिव्यासाठी विकले जाणारे कडुनिंबाचे तेल आणि फवारणीसाठी बनवलेले तेल यांत मोठा फरक असतो. फवारणीचे नोंदणीकृत उत्पादन कृषी सेवा केंद्रात मिळते आणि त्याच्या लेबलवर अ‍ॅझाडिरॅक्टिनचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, छापलेले असते. ३००, १५००, ३००० आणि १०,००० पीपीएम असे प्रकार प्रचलित आहेत. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. अशा उत्पादनात तेल पाण्यात एकजीव होण्यासाठीचा पदार्थ आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे वेगळा साबण लागत नाही, आणि मात्राही पीपीएमनुसार बदलते. १५०० पीपीएमचे द्रावण लिटरला ३ ते ५ मिली घेतात. १०,००० पीपीएमचे तितकेच घेतले तर ते कितीतरी पटींनी कडक होईल, म्हणून त्याबाबत लेबलवरील मात्राच प्रमाण मानावी. वर सांगितलेले ५ मिली हे घाण्यावर काढलेल्या शुद्ध तेलासाठी आहे. लेबलवर पीपीएम नाही, नोंदणी क्रमांक नाही, तयार झाल्याची तारीख नाही, अशी बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

घरच्या घरी करायचे असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क हा तेलापेक्षाही मला अधिक पसंत आहे, कारण तो पानांवर तुलनेने सौम्य असतो. त्यासाठी वाळलेल्या निंबोळीच्या बियांतला ५० ग्रॅम गर जाडसर कुटून, फडक्यात बांधून पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळून पिळून पांढरट अर्क काढावा, दुहेरी कापडातून गाळावा, त्यात चमचाभर साबणाचे पाणी मिसळून एकूण एक लिटर करावे आणि त्याच दिवशी वापरावे. पश्चिमेकडच्या, पन्हाळा-गगनबावड्याच्या पावसाळी पट्ट्यात कडुनिंब फारसा रमत नाही, परंतु शिरोळ आणि हातकणंगले भागात बांधावर, रस्त्याकडेला झाडे आहेत आणि पावसाच्या तोंडाला त्यांच्याखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा असतो. त्या गोळा करून, बाहेरचा मऊ गर धुऊन टाकून, बिया सावलीत खडखडीत वाळवून हवेशीर पिशवीत ठेवल्या की वर्षभर पुरतात. ओलसर बियांना बुरशी लागते आणि तशा बिया वापरू नयेत. पाडव्याला गुढीला बांधलेला डहाळा भिजत घालून त्याचे पाणी फवारणारे पुष्कळ जण भेटतात. त्याने अपाय काही नाही, परंतु अ‍ॅझाडिरॅक्टिनचा साठा बियांच्या गरात असतो, पानांत तो फारच थोडा, त्यामुळे त्या पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मिरची करपण्याचे एक कारण वर आले. दुसरे कारण वेळेचे असू शकते. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दुपारचा पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो आणि गच्चीवरची फरशी सूर्य मावळल्यानंतरही बराच वेळ तापलेली राहते. पानावर तेलाचा थर असताना ऊन लागले की पान भाजते, त्यातही तहानलेले आणि कोवळे पान आधी. शिवाय सूर्यप्रकाशात अ‍ॅझाडिरॅक्टिन लवकर नष्ट होते, त्यामुळे सकाळची फवारणी दोन्ही बाजूंनी तोट्याची. सकाळी झाडांना भरपूर पाणी द्यावे आणि फवारणी संध्याकाळी, फरशीवर अनवाणी उभे राहता येईल इतकी ती निवली की करावी. कोणत्याही नव्या झाडावर प्रथम दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस थांबावे. नुकतेच कुंडी बदललेले, उन्हाने मलूल झालेले झाड, आणि नेच्यासारखी नाजूक पानांची झाडे यांना तेलापासून दूर ठेवावे. भुरी रोगासाठी गंधक वापरले असेल तर तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. दोन्ही एकत्र आले की पाने हमखास भाजतात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. जून-अखेरपासून ऑगस्टपर्यंतच्या आपल्याकडच्या झडीत उघड्या गच्चीवर तेल फवारणे म्हणजे तेल पन्हळीतून वाहून जाऊ देणे. त्या दिवसांत पाऊसच मावा आणि कोळी (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) धुऊन काढतो. फवारणीची खरी गरज पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे आणि नंतर कोरड्या उन्हाळ्यात पडते. वळीव येणार असे आभाळ दिसत असेल तर ती संध्याकाळ सोडून द्यावी. पावसाळ्यात कुंड्यांखाली दडून बसणाऱ्या गोगलगायींवर या तेलाचा भरवसा धरू नये. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचणे हाच उपाय.

बाकीच्या झाडांची गोष्ट निरनिराळी आहे. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि मोठ्या झाल्यावर हिरव्या होणाऱ्या अळ्या असतील तर त्या लिंबावरील फुलपाखराच्या आहेत. घरच्या एका-दोन झाडांसाठी त्या हाताने उचलणे पुरे. वांग्याचे शेंडे एकाएकी माना टाकत असतील तर आत शेंडे आणि फळे पोखरणारी अळी असते. ती खोडाच्या आत असल्याने बाहेरची फवारणी तिला लागत नाही. सुकलेला शेंडा अळीच्या खालून कापून नष्ट करावा, तेलाचा उपयोग फक्त मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करण्यापुरता. मिरचीची पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळत असतील तर बहुधा फुलकिडे असतात, खालच्या बाजूला वळत असतील तर कोळी. दोन्हींवर निंबोळी अर्काचा उपयोग होतो, मात्र पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. टोमॅटोची पाने चुरडून झाड खुंटले असेल तर ते पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचे लक्षण असू शकते. तेल माशीला आवर घालते, विषाणूला नाही; असे झाड ठेवून शेजारच्या झाडांना धोका देण्यापेक्षा ते उपटावे आणि उरलेल्यांजवळ पिवळे चिकट सापळे टांगावेत. दोडका, कारली यांच्या फळमाशीसाठीही तेलावर वेळ घालवू नये. क्यू-ल्यूरचा (नर फळमाशीला वासाने ओढणारा) सापळा लावावा किंवा कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधावी.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे शेण सहज मिळते, आणि कुंडीला आठवड्यातून दोनदा शेणाचे पाणी देण्याची हौस अनेकांना असते. नत्र जास्त झाले की फूट लुसलुशीत येते आणि मावा, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किडी नेमक्या तिथेच जमतात. कीड असेपर्यंत हे खाद्य थांबवावे. निंबोळी पेंड मात्र मूठभर, कुंडीच्या आकारानुसार, मातीत मिसळायला हरकत नाही. तिचा सूत्रकृमींवरही, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींवरही, काही प्रमाणात परिणाम होतो.

खाण्याच्या भाज्यांवर हे तेल चालते. फवारणीनंतर चार-पाच दिवस तोडणी करू नये आणि तोडलेली भाजी नीट धुवावी, एवढे पथ्य पुरे. नोंदणीकृत उत्पादन असेल तर लेबलवर सांगितलेले अंतर पाळावे. कोथिंबीर, मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांवर मी ते सुचवत नाही, कारण कडू चव आणि उग्र वास पानांतून लवकर जात नाही, आणि तीस-चाळीस दिवसांच्या भाजीसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा कापडी जाळी लावणे सोपे. फुललेल्या फुलांवर फवारू नये, मधमाश्या घरी परतल्यानंतरच पंप हातात घ्यावा, आणि माशांचे टाके किंवा कमळाचे कुंड गच्चीवर असेल तर ते झाकावे, कारण हे तेल जलचरांना अपायकारक आहे. सेंद्रिय म्हणजे निर्धोक असे समजून बाटली स्वयंपाकघरात खाण्याच्या तेलांशेजारी ठेवणारे लोक मला नेहमी भेटतात. लहान मुलाच्या पोटात हे तेल थोडे गेले तरी उलट्या, गुंगी आणि झटके येऊ शकतात. जंताचे औषध म्हणूनही ते मुलांना पाजू नये; बाटली कुलपात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावी.

या भगिनींनी आता असे करावे. मिरचीला महिनाभर तेल देऊ नये, करपलेली पाने गळून नवी फूट येऊ द्यावी. जास्वंद वर सांगितल्याप्रमाणे साफ करून सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारावी आणि मुंग्यांची वाट तोडावी. तिसऱ्या फवारणीनंतरही बेचक्यांत नवा कापूस दिसत राहिला तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढून पाहावा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर किडीने मातीत घर केलेले आहे. मग माती पूर्ण बदलावी, मुळे धुवावीत, आणि झाड गुडघ्याएवढे छाटून, नव्या मातीत निंबोळी पेंड मिसळून पुन्हा लावावे. छाटणीनंतर फुटणाऱ्या पहिल्या कोवळ्या पानांना तेल नको, निंबोळी अर्क द्यावा आणि तोही निम्म्या तीव्रतेचा.